एकही गोळी चुकली नाही

हे ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांच्यापैकी एकालाही मी सांगितलेलं नाही. बाबांना नाही, मावशीला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. कॉलेजातल्या एका मैत्रिणीला एकदा सांगायला घेतलं होतं — आणि दोन वाक्यांनंतर प्रॅक्टिकलच्या तारखांबद्दल बोलू लागले. तुम्हाला सांगू शकते आहे ते बहुतेक एवढ्याचसाठी, की ऐकताना तुमचा चेहरा कसा होईल ते मला दिसणार नाही.

कुठून सुरू करू? आमच्या घरापासूनच करते.

बाबा सरकारी ऑफिसात शिपाई आहेत. नवी राजधानी वसल्यावर ऑफिस रायपूरमधून नवा रायपूरला गेलं, तेव्हापासून ते सकाळी स्टाफच्या बसनं जातात आणि अंधार पडता पडता येतात. आजोबा वर्ध्याकडून इथे आले, पण आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीत छापलेलं जे काही घरात येई, ते आधी माझ्या हातात पडे. विजेचं बिल असो, गॅसचा कागद असो, पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट असो. आई शेजारणींना सांगायची, "आमच्या पोट्टीले विचारा, थे सायन्सवाली हाय." मी वरवर म्हणायची, काय आई तू पण! पण मला ते आवडायचं. किती आवडायचं, हे आता लिहिताना लाज वाटते.

खरं तर मला येत काय होतं? बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला वर्गात मॅडम इंग्रजीत भराभर शिकवायच्या आणि अर्धं माझ्या डोक्यावरून जायचं. मी मान हलवायला शिकले होते. समजलं नाही असं म्हणायला हात वर केला, तर बाकीच्या मुली वळून पाहतात — त्यापेक्षा मान हलवलेली बरी. पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या मान हलवण्यातच आहे, असं मला वाटतं. की हेही मी माझ्या सोयीचं सांगते आहे?

आईला पहिल्यांदा त्रास झाला तो गोल बाजारात. महालक्ष्म्यांसाठी लुगडी घेत होतो. ती एकदम दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "थांब वं जराशी, छातीत कबूतर फडफडून राहिलं." मी हसले होते. नंतर तपासण्या झाल्या. हृदयाचे ठोके बेताल पडत होते. अशा हृदयात रक्त नीट पुढे ढकललं जात नाही, एका कोपऱ्यात साचतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, सकाळ-संध्याकाळ. काही आठवडे ती घेतल्यावर दवाखान्यात भूल देऊन छातीवर विजेचा हलका झटका द्यायचा, म्हणजे ठोके पुन्हा तालावर येतात.

डॉक्टरांच्या खोलीत आईसोबत मीच गेले होते. ते चांगले होते, पण घाईत होते. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत त्यांनी गोळीबद्दल, झटक्याबद्दल, आधी काय, नंतर काय, ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "समझ गई ना, बेटा?"

मी मान हलवली. बाहेर निघताना ते आईला म्हणाले, "बेटी होशियार है आपकी." आई ते वाक्य ऑटोत बसल्यापासून घरी पोहोचेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत होती.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी आई दात घासून स्वयंपाकघरात आली. पुरणाची डाळ शिजत होती, सोळा भाज्यांचा पसारा पडला होता, आणि मी एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. ती म्हणाली, "काहून वं, हिरडीतून रक्त येऊन राहिलं. थे गोळी घेऊ का नको?"

मी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. मामाच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी अशीच कसलीशी रक्ताची गोळी डॉक्टरांनी आधी बंद करायला लावली होती, तेवढं मला आठवत होतं. मी म्हटलं, "नको घेऊ. ऑपरेशनच्या आधी बंदच करतात ती."

फोन करून विचारता आलं असतं. डॉक्टरांनी नंबर दिला होता. पण विचारायचं म्हणजे त्या दिवशी मला काही समजलं नव्हतं, हे उघड करायचं. आईनं मात्र लगेच ऐकलं. पोट्टीनं सांगितलं म्हणजे झालं! बाबा ऑफिसात होते. गोळ्यांचं आम्हा दोघींतच असायचं. महालक्ष्म्या जेवल्या, उठल्या, आणि दवाखान्यात जायच्या दिवसापर्यंत आईनं ती गोळी घेतली नाही.

इथपर्यंत ती चूक होती. चूक म्हणून मी ती कधीतरी सांगून टाकली असती, असं मला वाटतं. पुढचं वेगळं आहे.

झटका द्यायच्या दिवशी आई हिरव्या गाऊनमध्ये पलंगावर होती. बाबा रजा टाकून बाहेर बाकावर बसलेले. डॉक्टर आले आणि या वेळी साध्या हिंदीत, सावकाश विचारलं, "पिछले तीन हफ़्ते में कोई गोली छूटी तो नहीं? छूटी हो तो बता दीजिए, कोई बात नहीं. पहले गले से नली डालकर अंदर देख लेंगे, थक्का तो नहीं है. फिर करेंगे."

कोई बात नहीं, असं म्हणाले ते. लक्षात घ्या — कुणी रागावणार नव्हतं. आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. ती गोळी का बंद करायची नव्हती, ठोके तालावर येताच झालेली गुठळी सुटून मेंदूपर्यंत कशी जाऊ शकते, सगळं. हुशार मुलीला उशिरा का होईना, कळलं.

आई म्हणाली, "वो, डॉक्टर साब, त्योहार में..." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी तिचा हात दाबला. उजवा हात. आणि म्हटलं, "नहीं सर. एक भी नहीं छूटी."

ही नवी गोळी होती. मामाच्या जुन्या गोळीसारखं हिला रक्त तपासून बघावं लागत नसे. म्हणजे डॉक्टरांकडे विश्वास ठेवायला माझ्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं. त्यांनी तो ठेवला. आईनंही ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं उशीवर डोकं टेकलं. तिला वाटलं असेल, पोट्टीला माहीत असेल काय सांगायचं ते.

मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं, की आई त्या नळीला घाबरत होती म्हणून मी तसं बोलले. खोटं आहे हे. ज्या माणसानं मला होशियार म्हटलं होतं, त्याच्यासमोर मला मूर्ख ठरायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

ठोके तालावर आले. बाबांनी पेढे वाटले. गोळी पुन्हा सुरू झाली, आणि मी देवाला म्हटलं, वाचवलंस. त्याच आठवड्यात एका सकाळी आई चहा गाळत होती. गाळणी हातातून पडली. मी विचारलं काय झालं, तर तिच्या तोंडातून शब्दच येईना. उजवी बाजू लुळी पडत चालली होती. बाबांची बस निघून गेली होती.

दवाखान्यात दुसरे डॉक्टर होते. त्यांनीही तेच विचारलं, गोळ्या चुकल्या होत्या का? बाबा माझ्याकडे बघू लागले. आई पलंगावर होती, डोळे उघडे, सगळं ऐकत. मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "घर में महालक्ष्मी बैठी थी. उसी भागदौड़ में मम्मी से शायद..."

शायद. तो शब्दही मी विचार करून घातला होता.

निरोप मिळताच धावत आलेली मावशी लगेच म्हणाली, "तरी मी म्हणतच होतो, हिचं ध्यान सगळं पुरणात!" बाबांनी कपाळावर हात मारला. त्यांना ते पटलं. कुणालाही पटलं असतं. दरवर्षी महालक्ष्म्यांत आई स्वतःचं जेवणसुद्धा विसरायची.

ते दुसरे डॉक्टर म्हणाले होते, नियमित गोळ्या घेऊनही कधी कधी असं होतं. ते वाक्य मी खूप दिवस उराशी धरून फिरले. आता धरत नाही. मी जे खोटं बोलले, ते त्यानं पुसलं जात नाही.

आई आता काठी घेऊन चालते. बोलणं मात्र परत आलं नाही. एकच शब्द राहिला — हव. इथे 'हो'ला म्हणतात तो. भूक लागली तरी हव, दुखलं तरी हव, नको असलं तरी हव. महालक्ष्म्यांना बायका येतात, विचारपूस करतात. बाबा मायेनं चिडवतात, "काय वं, त्या खेपेले पुरणाच्या नादात गोळ्या विसरली होती ना तू?" आई म्हणते, हव. बायका हसतात. मी कुंकवाचं ताट घेऊन तिथेच उभी असते. तिची कबुली सगळ्यांनी ऐकलेली असते.

यंदा मात्र ती एवढं म्हणून थांबली नाही. बाबांचं बोलून झाल्यावर तिनं डावा हात उचलला, माझ्याकडे केला, आणि म्हणू लागली — हव, हव, हव. चेहरा लाल झाला. हात खाली येईना.

बाबा म्हणाले, "पाणी मागून राहिली थे. दे बरं तिले."

ती पाणी मागत नव्हती. ते त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी आत गेले, पेला भरून आणला, आणि तिच्या ओठांशी धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. मी म्हणाले, "तहान गेली वाटतं," आणि पेला परत आत नेऊन ठेवला.