शेजारणीने घातलेली अट

गुढीपाडव्याआधीचा गुरुवार: शेजारणीने आमच्या कार्यक्रमात नृत्य करण्याचे मान्य केले, एका अटीवर. अट स्वीकारणारे: पाडवा समितीचे अध्यक्ष. पाडव्यानंतरचा रविवार, दुपार: अट मोडली. जबाबदार: तेच अध्यक्ष आणि समितीचे सचिव. त्याच दुपारी, नृत्याआधी पाच मिनिटे: पाहुणीचा परिचय वाचण्यात आला. जबाबदार: प्रस्तुत लेखक. त्यानंतरचा मंगळवार: इराणहून फोन आला. याची जबाबदारी आजतागायत कोणीही घेतलेली नाही.

पुण्याच्या न्यायालयात कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि पत्नीच्या निधनानंतर स्टुटगार्टला मुलाकडे आलो. आमच्या खालच्या मजल्यावर ही इराणी बाई राहते. दिवसा ती औषधांच्या दुकानात काम करते आणि गुरुवारी संध्याकाळी इमारतीच्या तळघरात आठ-दहा इराणी बायकांना नृत्य शिकवते. माझी नातही तिथे जाते. तिला पोहोचवून मी बाहेर पायरीवर बसून राहायचो. दाराशी वेताची टोपली असे. आत जाणारी प्रत्येक बाई तीत फोन ठेवी आणि वर फडके टाकी. पहिल्या दिवशी माझ्यापुढेही टोपली आली, तेव्हा मला अपमान वाटला.

“मी काय करणार आहे फोनने?” मी माझ्या तुटक जर्मनमध्ये विचारले.

“तुम्ही काही नाही करणार, आगा. फोन करतो,” ती म्हणाली. आदरणीय पुरुषाला फारसीत ‘आगा’ म्हणतात.

मग तिने समजावले. तिच्या देशात बाईने चारचौघांत नाचणे हा गुन्हा धरला जातो. इथल्या या बायकांचे आईवडील तिकडे आहेत आणि त्यांना भेटायला जायचे, तर इथले नाचणे तिकडे दिसता कामा नये. अर्धवट उघड्या दारातून मला त्यांचे हातच तेवढे दिसत. पावले फारशी हलत नसत. मनगटे मात्र हवेत काहीतरी लिहीत आणि लगेच पुसत.

यंदा त्यांचा नवरोझ आणि आमचा पाडवा एकाच सुमारास आले, म्हणून अध्यक्ष तिला आमंत्रण द्यायला गेले. अध्यक्ष म्हणजे मोटार कंपनीतला इंजिनिअर, माझ्या मुलाच्या वयाचा. मी सोबत होतो. ती म्हणाली, “येईन, पण एकही फोन नको.” “या, या, गेनाऊ!” अध्यक्ष जर्मनमध्ये म्हणाले, म्हणजे ‘हो, हो, अगदी बरोबर’. मी साक्षीदार आहे.

रविवारी सभागृहाच्या दाराशी मी टोपली मांडली. अध्यक्षांनी ती उचलून खुर्चीखाली सरकवली.

“काका, आपलीच माणसं आहेत. फोन काढून घेतले तर लोकांना वाटेल, आपण त्यांना चोर समजतो.”

मी टोपली तिथेच सोडून मंचाकडे गेलो, कारण हातात परिचयाचा कागद होता. आपल्याकडे पाहुण्याचा परिचय वाचल्याशिवाय कार्यक्रम पुढे सरकत नाही आणि अर्धवट नाव लिहिणे मला जन्मभर असभ्य वाटत आले आहे. मी तिचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि गाव खणखणीत आवाजात वाचले. गावाचे नाव इथे लिहिणार नाही. एकदा उच्चारले तेवढे पुरे झाले. सचिव त्या वेळी पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांसाठी सगळे फोनवरून थेट दाखवत होते. नातीने माझी बाही ओढली आणि जर्मनमध्ये म्हणाली, “आजोबा, ते फोन धरून उभे आहेत.” मी म्हणालो, “शू! नंतर.”

मंगळवारी शेजारणीच्या चुलतभावाचा फोन आला. चित्रफीत फिरत फिरत नावासकट तिकडे पोहोचली होती. “येऊ नकोस,” तो म्हणाला. मे महिन्यात ती भेटायला येणार म्हणून तिची अंथरुणाला खिळलेली आई वाट पाहत होती.

“आई विचारते, किती दिवस राहिले,” ती मला जिन्यात म्हणाली. “मी रोज एक दिवस वाढवून सांगते.”

मी समितीला चार पत्रे पाठवली. उत्तर अध्यक्षांनी एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या फलाटावर, तोंडी दिले: “काका, व्हिडिओ काढून टाकलाय. विषय संपला. तुम्ही आता कोर्टातून बाहेर या बघू.” घरी सूनबाई म्हणाली, “अहो बाबा, आपल्याला याच लोकांत राहायचंय.” मी जेवणावरून उठलो. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

शेवटी मी माझा माफीनामा जर्मनमध्ये लिहून तिच्याकडे नेला. तिने तो उभ्याउभ्याच वाचला.

“छान लिहिता, आगा. त्या दिवशीही छान लिहिलं होतंत.”

मी काय करू, असे विचारले. ती म्हणाली, गुरुवारच्या बायका आता येत नाहीत. “त्यांना वाटतं, चित्रीकरणाची परवानगी मीच दिली. आईची भेट तर गेलीच माझ्या हातून. निदान परवानगी दिली नव्हती, एवढं कोणीतरी मोठ्यानं सांगा. माझं नाव न घेता.”

म्हणून समितीच्या अध्यक्षांकडे माझी मागणी अशी. पुढच्या बैठकीत, सर्व कुटुंबांसमोर आणि गुरुवारच्या बायकांनाही बोलावून, मराठीत आणि त्या बायकांना कळावे म्हणून जर्मनमध्येही, उभे राहून उत्तर द्या: पाहुणीने अट घातली होती की नव्हती? तुम्ही ती मान्य केली होती की नव्हती? मग ती कोणी मोडली? माझा कबुलीजबाब मी तुमच्याआधी वाचेन. त्यानंतर बोलण्याची पाळी तुमची असेल, आणि जोवर तुम्ही बोलत नाही, तोवर मी खाली बसणार नाही.