सातवा रोबो

इरा, शौनक... आप्पाआजोबांना जाऊन आता आठ आठवडे होतील. गेल्या रविवारी फोनवर इराने विचारलं, त्यांनी बनवलेला सातवा रोबो कुठे आहे, आणि मी म्हटलं, कपाटात आहे, नीट ठेवलाय. ते खरं नव्हतं. डिसेंबरात तुम्ही याल आणि कपाट उघडाल, त्याआधी हे लिहून काढायला हवं. मराठीतच लिहिते आहे. इंग्रजीत लिहायला बसले होते, पण वाक्यं सगळी व्याकरणशुद्ध आली आणि त्यांत आप्पा कुठे दिसेनात. अडेल तिथे बाबा वाचून दाखवतील.

आप्पा माझे धाकटे दीर. मी त्यांना भावजी म्हणायची. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी फौजेत, बर्फातल्या चौक्यांवर, ट्रक दुरुस्त करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर वडूजच्या कडेला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. त्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. तुम्ही मेलबर्नहून येणार असं कळलं की ते एसटीने सांगलीला येत, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि हुरडा घेऊन, आणि तुम्ही जाईपर्यंत राहत. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या घरात चमच्यांनासुद्धा ठरलेली जागा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आप्पांना मात्र वस्तूची जागा म्हणजे काय हेच कधी उमगलं नाही.

ते सहा रोबो तुमच्या बाबांनी गेल्या खेपेला आणले. ट्रक, क्रेन, जीप, विमान, बंब आणि जेसीबी. हातपाय आत मुडपले की गाडी, बाहेर ओढले की माणूस. आणि सगळ्यांच्या खुंट्या एकाच मापाच्या, त्यामुळे कुणाचाही हात कुणालाही बसायचा. पहिल्याच दुपारी तुम्ही आणि आप्पांनी त्यांची अशी काही सरमिसळ केली की बंबाला विमानाचे पंख आणि जीपला क्रेनचा हात. ते पाहून मला अस्वस्थ व्हायला झालं. मी सहा रंगांचं नेलपॉलिश विकत आणलं. दुकानातली मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग एकेका रोबोच्या प्रत्येक भागावर आतल्या बाजूने त्याच्या त्याच्या रंगाचा ठिपका दिला, सहा डबे केले, डब्यांवर नावं चिकटवली. आप्पा झोपाळ्यावर बसून शेंगा फोडत हे सगळं बघत होते. वहिनी, ह्या वयात नेलपॉलिश, दादाला कळलं तर काय म्हणंल, असं हसून म्हणाले. तुमचे आजोबा तेव्हा हयात नव्हते. तरी आप्पा त्यांच्याबद्दल नेहमी असंच बोलायचे, जणू ते शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेत. मग जरा वेळाने म्हणाले, "आमी वर बर्फात काय करायचो सांगू? एक गाडी बंद पडली की तिचा पाय काढून दुसरीला लावायचा. गाडी काय इचारत न्हाई, ह्यो पाय कुनाचा हाय म्हणून. ती आपली चालतीया."

तुम्ही परत निघालात तेव्हा सांधे ढिले झालेत, घट्ट करतो, असं म्हणून आप्पा सहाही रोबो डब्यांसकट पिशवीत घालून वडूजला घेऊन गेले. तिथून तुमचे ते व्हिडिओ कॉलचे रविवार सुरू झाले. आपल्याकडे दुपारचे बारा वाजलेले, तुमच्याकडे संध्याकाळ व्हायला लागलेली. मलाही तुम्ही फोनवर घ्यायचात, पण मी बहुतेक वेळ नुसती ऐकत असे. इरा सांगायची, डावा हात क्रेनचा. शौनक म्हणायचा, नको, पंख. आप्पा दोघांचं ऐकून घ्यायचे आणि त्या आठवड्यात एकच भाग बसवायचे. त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून लांबच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसायच्या. इतक्या सावकाश फिरायच्या की फोन अडकलाय की पातीच थांबलीत, हे मला कळायचं नाही. कित्येकदा तुमचं बोलणं माझ्या कानांवरून नुसतं वाहून जायचं, आणि वाटायचं, ही दुपार आजची नाहीच, कधीचीतरी जुनी आहे... आणि त्या खोलीत मीही लहान होऊन बसले आहे.

शौनकची अट होती की सातवा रोबो मुडपल्यावर त्या सहांपैकी काहीही होता कामा नये. गौरी-गणपतीनंतरच्या रविवारी आप्पा म्हणाले की जमलं. तुम्ही दोघं ओरडायला लागलात, दाखवा, दाखवा. त्यांनी तो रोबो कॅमेऱ्यासमोर धरला, पण मुडपला नाही. म्हणाले, "आत्ता न्हाई रं गड्या. त्याचं काय हुतंय ते हितं आल्यावर बघायचं. हातात देनार मी." त्याच आठवड्यात एका सकाळी ते चहा पिऊन खिडकीपाशी खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. शेजारच्यांचा फोन आला तेव्हा मी कपड्यांच्या घड्या करत होते. त्या पूर्ण करूनच मी खाली बसले, हेही इथे लिहून टाकते.

तेराव्यानंतर त्यांची खोली आवरायला मीच थांबले. दुपार होती. सगळे आडवे झाले होते. खिडकीच्या कठड्यावर तो उभा होता. एक पाय लाल, एक पिवळा, एका बाजूला क्रेन, दुसरीकडे पंख, डोकं जीपचं. त्या वेळी माझ्या मनात रविवार नव्हते, तुम्ही नव्हतात, काहीच नव्हतं. फक्त पसारा दिसत होता, आणि पसारा आवरला की दुःखही थोडं आवरेल, असं काहीतरी वाटत असावं. मी ठिपके बघत गेले आणि एकेक भाग ओढून काढला. भाग सहजासहजी निघत नव्हते. मी जोर लावला. पंधरा मिनिटांत सहा रोबो आपापल्या डब्यात होते, एकही तुकडा कमी नव्हता, आणि मला बरं वाटलं. बाळांनो, मला खरंच बरं वाटलं. तो मुडपून बघावा, हे सुचलंच नाही. त्याचं काय होत होतं ते फक्त आप्पांना ठाऊक होतं, आणि ते बघायची शेवटची संधी माझ्या हातात होती.

इराने विचारलं त्याच रात्रीपासून झोप लागेना, असं मी म्हणणार नाही. झोप लागते. पण सकाळी उठून डबे घेऊन बसते. आठवेल तसं जोडून बघितलं, पण गाडी होत नाही, काहीच होत नाही, हात पोटात अडतो. असं जोडताना परवा एक गोष्ट लक्षात आली. काही भाग घट्ट बसतात आणि काही ढिलेच आहेत. खिडकीच्या उजेडात नीट पाहिलं तर घट्ट भागांच्या खुंट्यांवर सायकलच्या ट्यूबची बारीक चकती कापून बसवलेली होती. आप्पांनी सहाही रोबो घट्ट केलेच नव्हते. सातव्यात जे लागले तेवढेच भाग केले होते. मी ओढून काढले तरी चकत्या निघाल्या नाहीत.

कोणता भाग कुठे होता हे मला सांगता येणार नाही. तुमच्यापैकी कुणाला काय लावायचं होतं आणि शेवटी कुणाचं ऐकलं गेलं, ते तुम्हालाच आठवत असेल. त्यातून तो पुन्हा उभा राहील की नाही, माहीत नाही. उभा राहिला तरी मुडपल्यावर काय होईल, ते आता विचारायला कुणी नाही. माझं चुकलं.

सातवा रोबो नाही. त्याचे अकरा भाग आहेत, चकत्यांसकट. ते मी डब्यांत परत घातलेले नाहीत. सहाही डबे अर्धवट ठेवून ते अकरा एका पिशवीत वेगळे ठेवले आहेत.