मंजूर झालेले पडदे

४ ऑगस्ट १९९७ रोजी सांगलीच्या एका संगीत मंडळाने पुण्याच्या सल्लागाराला १८,७५० रुपयांचा चेक दिला. नव्या सभागृहात आवाज विरायला किती वेळ लागेल, ते त्याच्याकडचा सौमित्र नावाचा तरुण इंजिनिअर काँप्युटरवर मांडून सांगणार होता. त्याने पाठवलेला माहितीचा तक्ता मंडळाचे कार्यवाह गंगाधरपंतांनी भरला. बँकेत तीस वर्षे काढलेला माणूस. कुठे खाडाखोड नाही. भिंतींच्या रकान्यात त्यांनी लिहिले, जाड सुती पडदे, तिन्ही बाजूंना. पडदे अजून आले नव्हते. पण ठराव मंजूर होता, आणि मंजूर म्हणजे झाल्यातच जमा, अशी त्यांची सवय.

उत्तर आले, दीड सेकंद. गाण्याला उत्तम. पुढे खर्च वाढला, पडदे रद्द झाले. तक्ता कुणालाच आठवला नाही.

उद्घाटनाआधी मिरजेचे बिराप्पा स्वतः बनवलेले दोन तंबोरे घेऊन आले. मधोमध उभे राहून त्यांनी टाळी वाजवली, कान दिला.

"आवं पंत, हॉल लय घुमतोय. गाण्याचा चिखल हुईल."

पंतांनी सगळ्यांदेखत अहवाल पुढे केला. "काँप्युटर टाळ्या वाजवत नाही, बिराप्पा. मोजतो."

मंडळी हसली. बिराप्पाही हसले, जरा उशिराने.

मैफलीत ताना एकमेकींवर चढल्या, मागच्यांना शब्द कळेना. सभेत तंबोरेच सदोष ठरले आणि बिराप्पांच्या बिलातून साडेतीनशे रुपये कापले गेले. इतिवृत्त पंतांनीच लिहिले.

तक्रार ऐकून सौमित्र यंत्र घेऊन आला. प्रत्यक्षात तीन सेकंद भरले. उघड्या भिंतींकडे बघत त्याने हळूच विचारले, "काका, पडदे कुठं आहेत?"

पंतांचे कान तापले. तक्ता फाइलमधून काढून टाकावा, असेही क्षणभर मनात आले. दुसऱ्या दिवशी ते मिरजेला गेले आणि बिराप्पांना सगळे सांगितले. बिराप्पा तंबोऱ्याचा भोपळा घासत राहिले.

"बाजारात म्हणत्यात, बिराप्पाचे तंबोरे घुमत्यात. ते आता कोण पुसणार?"

पंतांनी खिशातून पैसे काढले. ते बिराप्पांनी घेतले नाहीत. कापले मंडळाने, द्यायचे मंडळाने, म्हणाले.

पुढच्या सभेत पंतांनी स्वतःची चूक उभे राहून वाचून दाखवली. सभासदांनी ऐकून घेतले. वर्षाचा हिशेब बंद झालाय, एवढेच अध्यक्ष बोलले.

मंडळाकडून बिराप्पांना अजून साडेतीनशे रुपये येणे आहेत.