तुळजाबाईंचा उजवा डोळा

दिवाळीला महिना असताना तिवश्याच्या संत्र्याच्या मळ्यात तुळजाबाईंच्या डाव्या डोळ्यात काटा घुसला. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "फुटलेला डोळा लवकर काढू या. डोळ्याचं आतलं रक्तातल्या राखणदारांनी कधी पाहिलेलं नसतं; आता ते उघडं पडलंय. ते त्याला परकं समजले, तर चांगल्या डोळ्यावरही तुटून पडतील."

"लेक दिवाळीले अकोटाहून येऊन राहिली. नातीले दोनी डोयांनं पायतो, मंग काढा."

डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं, पण त्या मळ्यात परतल्या.

लेक आली तोवर उजव्या डोळ्यापुढेही अंधार दाटला होता. तिनं तान्ही नात आईच्या मांडीवर ठेवली.

"कोनावर गेली वं?"

"तुह्यावरच, माय."

तुळजाबाई बोटांनी तिचं नाक, हनुवटी चाचपत राहिल्या. नात मोठी झाली, तरी तो चेहरा एकदा पाहायची त्यांची ओढ सुटली नाही.