दमणला जायचं की नाही

लग्नानंतर आम्ही गुजराती मुलखात, लिंबायतला राहायला आलो तेव्हा आजूबाजूला सगळे खानदेशातलेच. गल्लीतले बहुतेक पुरुष कापडाच्या लूमवर कामाला जायचे. यांनी मात्र घराच्या पुढच्या खोलीत मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज टाकलं होतं. मागच्या खोलीत मी, सासूबाई आणि आमची लहान मुलगी. दिवसभर कानावर दोनच आवाज, लूमचा खडखडाट आणि इंजिनाची घरघर.

यांची स्वतःची एक जुनी फटफटी होती, भंगारातून उचलून उभी केलेली. तिच्यावर यांचा फार जीव. मागच्या टायरचा एक तुकडा काचेनं उडाला होता, पण टायर चालतंय तोवर बदलायचं नाही असं यांचं म्हणणं. सकाळी मी दारात पाणी शिंपडायचे आणि त्या ओल्या मातीवरून गाडी बाहेर निघायची. टायरच्या नक्षीत दर थोड्या अंतरावर चंद्रकोरीसारखी एक मोकळी जागा उमटायची. ती खूण मला रांगोळीइतकी ओळखीची झाली होती.

त्या साली होळीनंतर यांच्या एका गुजराती गिऱ्हाइकानं बातमी आणली. दमणला मोटारसायकलवाल्यांचा मोठा मेळावा भरणार होता. दोन दिवस राहायचं आणि दुसऱ्या दिवशी भरती ओसरली की सगळ्या गाड्या एका रांगेत ओल्या वाळूवरून समुद्राच्या कडेनं न्यायच्या. तो मला म्हणाला, ‘‘भाभी, तमे पण आवजो.’’

यांच्या डोळ्यांपुढून ती रांग हलेना. मला मात्र पटत नव्हतं. दोन दिवस गॅरेज बंद, मुलगी सासूबाईंकडे, एवढ्या पुरुषांत बायका किती असतील कोण जाणे. सासूबाईंनी तर एका वाक्यात निकाल लावला, ‘‘कसाले जातस तठे?’’ पण समुद्र मी तोवर पाहिलाच नव्हता, आणि ते कोणाला सांगायची लाज वाटत होती.

शेवटी हे म्हणाले, ‘‘आधी इथं जवळच, डुमसच्या समुद्रावर जाऊन येऊ. डबल सीट तुला जमतंय का, वारा सोसतोय का, बघू. मग ठरवू.’’

गॅरेजला सुट्टी होती त्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. डुमसला रविवारी जत्रा असते, पण तो मधला वार होता. सुरूच्या झाडांखाली एक म्हातारी शेंगा विकत बसली होती, बाकी चिटपाखरू नव्हतं. तिच्याशेजारी गाडी लावून आम्ही पायीच खाली उतरलो.

ओहोटी लागलेली. वाळू काळी आणि ओली, पाणी पार लांब गेलेलं. उन्हातही सगळं करडं दिसत होतं. हजिऱ्याच्या बाजूला कारखान्यांची धुराडी होती, त्यांचा धूर जागच्या जागी उभा होता. एवढा मोठा समुद्र आणि त्याला आवाज नाही, याचंच मला नवल वाटलं.

थोडं चालल्यावर वाळूत एका गाडीचा ठसा दिसला. सरळ रेघ मारावी तसा पाण्याकडे गेलेला. मी सहज खाली पाहिलं आणि पाय थबकले. नक्षीत चंद्रकोर होती. पुढे पुन्हा चंद्रकोर. पुन्हा.

मी यांचा शर्ट धरला. यांनी खाली बसून ठशावरून बोट फिरवलं. मग त्यात बोट उभं धरून खोली पाहिली.

‘‘आपलंच टायर आहे,’’ हे म्हणाले.

‘‘गाडी तर वर आहे.’’

‘‘हो.’’

ठसा कुठून सुरू झाला ते पाहायला आम्ही मागे वळलो. तो वर झाडांपर्यंत पोचतच नव्हता, मधेच नुसत्या वाळूतून उगवला होता. दुसऱ्या टोकाला तो थेट पाण्यात शिरला होता. वळल्याची खूण नव्हती, परत आल्याचीही नव्हती.

आम्ही जवळजवळ धावतच वर आलो. गाडी जिथल्या तिथे, टायर कोरडं, त्यावर रस्त्याची धूळ. यांनी म्हातारीला विचारलं, गाडीला कोणी हात लावला का. तिनं मान हलवली. ‘‘सवारनी एकेय गाडी नीचे नथी गई,’’ ती म्हणाली, म्हणजे सकाळपासून एकही गाडी खाली उतरली नव्हती, आणि शेंगांची पुडी पुढे केली. आम्ही ती घेतली, पण खाल्ली नाही.

आम्ही परत निघालो. मी पाठीमागे यांना घट्ट धरून बसले होते आणि रस्त्यावर कुठे ओल दिसली की डोळे मिटून घेत होते. दुसऱ्या दिवशी यांनी टायर बदललं. जुनं कुठे टाकलं ते मी विचारलं नाही.

पुढे दोन-तीन दिवसांनी मी भाकऱ्या थापत होते. हे चुलीशेजारी येऊन बसले.

‘‘ठसा खोल होता,’’ म्हणाले. ‘‘एकट्या माणसाच्या वजनानं एवढा खोल जात नाही. मागे कोणीतरी बसलेलं होतं.’’

‘‘मग?’’

‘‘मग मी एकटा गेलो तर काही व्हायचं नाही.’’

म्हणजे हे अजून दमणच्याच विचारात होते. मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण माझ्याही मनात नेमका तोच हिशेब चालला होता.

‘‘तुम्ही एकटे जाल,’’ मी म्हणाले, ‘‘आणि तिथं वाळूवर कोणी म्हणालं, जरा मला मागे घ्या, तर? तुम्ही नाही म्हणाल?’’

यांनी विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं. ‘‘नाही म्हणवणार नाही,’’ ते म्हणाले. मग उठता उठता, ‘‘राहू दे. नाही जात.’’

मेळावा झाला. त्या दोन दिवसांत हे गॅरेजमध्येच होते, मी घरात. सासूबाई खूष होत्या. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

आठवड्यानं ते गिऱ्हाईक गाडी दाखवायला आलं. मी आत चहा ठेवला होता, बोलणं ऐकू येत होतं. विशेष काही नव्हतं म्हणाला. वारा फार, अर्ध्या गाड्या वाळूत रुतल्या, जेवण बेकार. काही वाईट घडलं नव्हतं, कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मला हलकं वाटलं.

मग तो हिंदीत म्हणाला, ‘‘पण तुम्ही आलात आणि मला भेटला नाहीत? रांगेत माझ्या पुढे होतात. मी हाका मारल्या.’’

पुढच्या खोलीतला पान्याचा आवाज थांबला.

‘‘दुसरं कोणी असेल,’’ हे म्हणाले.

‘‘असेल. पण गाडी तर तुमची हीच. आणि मागे भाभी होत्या. साडी तर मला नीट...’’

‘‘चहा घे,’’ हे मधेच म्हणाले, जरा मोठ्यानं.

मी कप घेऊन बाहेर आले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे. चहा पिऊन, गाडी घेऊन गेला. पुढेही येत राहिला, पण दमणचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

समुद्र मी त्यानंतर पाहिलेला नाही.