तांब्याच्या कळशीतलं पाणी

खामगावात समुद्र पाळणारा माणूस म्हणजे डोक्यानं थोडा सरकलेला, असं आमच्या गल्लीचं ठाम मत आहे. असू दे! बैठकीत माझी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. तिच्यात दोन मासे, एक झिंगा आणि मित्रानं आपल्या टाकीतून कापून दिलेला मऊ प्रवाळाचा तुकडा. दिवा लागला की त्या प्रवाळाचे चिमुकले पंजे दिवसभर उघडायचे आणि मिटायचे.

वडील गेल्यावर माझी माय खाट सोडेनाशी झाली होती. जेव म्हटलं तर भूक नाही, ओसरीत बस म्हटलं तर पाय दुखतात. एके दिवशी तिची नजर त्या पंजांवर गेली. "अवं माय, हे तर मले बोलावून राह्यलं!" म्हणत ती चक्क उठली. तेव्हापासून टाकीसमोर तिची खुर्ची ठरलेली. चहा तिथंच, पोळीही तिथंच. आमच्या सगळ्यांच्या विनवण्यांनी झालं नाही ते त्या एवढ्याशा जिवानं केलं. त्याचे उपकार मी कसे विसरू?

आणि ऐन उन्हाळ्यात ते मिटलं. आधी झिंगा मेला, मग प्रवाळाचे पंजे आक्रसले. "त्याले बी कंटाळा आला वाटते," एवढंच माय म्हणाली आणि परत खाटेवर जाऊन पडली.

खारेपणा मोजला, ठीक. पाणी तापलं असेल म्हणून कूलर टाकीकडे वळवला, थोडं पाणी बदललं, दिवा मंद केला. काही उपयोग नाही. मग नेहमीप्रमाणे बायकोवर घसरलो. "फिनाईलचा हात बुडवला असेल कोणीतरी!"

"तुमच्या टाकीत हात घालायची माझी काय बिशाद? आणि फिनाईल असतं तर मासे कसे मजेत आहेत?"

खरंच की! माशांना सोसतं पण झिंग्याला आणि प्रवाळाला सोसत नाही, असं एकच विष मला ठाऊक होतं, तांबं. पण टाकीत तांब्याची साधी तारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत येतो तर माय तांब्याची कळशी टाकीत रिकामी करत होती.

"माय! हे काय करून राह्यली?"

"उन्हानं पाणी आटून राह्यलं ना बापू. रोज थोडं घालतो मी."

टाकी हल्ली कमी आटते असं मला वाटत होतं, त्याचं कारण हे! कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणी आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी पोटात जातं. लहानपणी मी तोंड वाकडं करायचो, ती दटावून पाजायची. आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालतात, हे तिनं माझं बघून बरोबर ओळखलं होतं. फक्त घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी निवडलं होतं.

ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. "माय, त्याले तांबं बाधते."

"तुले तर जन्मभर हेच पाजलं. मंग त्याले काऊन बाधलं?" तिनं पदर डोळ्याला लावला. "म्याच मारलं काय बापू त्याले?"

"मेलं नाही अजून," मी म्हणालो. माझा मलाच भरवसा नव्हता.

तांबं शोषून घेणारी फिल्टरची गादी मागवली, कोळसा घातला, पाणी बदलत राहिलो. आटलेलं पाणी भरायचं काम मात्र मुद्दाम मायकडेच दिलं, प्लास्टिकच्या मगानं. "माह्या हातानं नको," ती म्हणायची. मीही हट्टाला पेटलो. "तुह्याच हातानं." रोज कुरकुरत का होईना, तेवढ्यासाठी ती खाटेवरून उठायची. यावर बायको म्हणाली, "हे मात्र बरोबर केलंत." तिच्या तोंडून हे ऐकायला मिळणं म्हणजे नवलच.

एका सकाळी मी दाढी करत होतो. बैठकीतून हाक आली, "अबे, ये लवकर!" जाऊन बघतो तर बुडाकडचा एकच पंजा हळूच उघडत होता, मिटत होता. माय हात जोडून उभी होती. मग आत गेली, कळशीतलं पाणी पेल्यात घेऊन आली आणि माझ्यापुढे धरलं.

"हे तुह्यं. त्याचं येगळं."

गालाला साबण तसाच होता. मी उभ्याउभ्या पेला रिकामा केला, आणि या खेपेला तोंड वाकडं केलं नाही.