ती इथं राहत न्हाई

पोलिसानं कुणाला विचारलं, की तो माणूस गावाला गेलेला असतो. निरगुडसरला सून म्हणून आले त्याच वर्षी मी हे शिकले. कालव्याच्या पाण्यावरून भावकीत भांडण झालं होतं. फौजदार दारात उभा, आणि माझी सासू ओट्यावर शेंगा फोडत त्याला सांगत होती, "त्यो गावाला गेलाय. लई दिस झालं." तिचा लेक, म्हणजे माझा नवरा, तेव्हा मागं कांद्याच्या बराखीत घाम पुसत बसला होता. फौजदार परत गेला. भांडण पुढं मिटलं, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं.

नंतर मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोरांची वजनं, गरोदर बायांच्या नोंदी, लसीच्या तारखा, सगळं खरं लिहिलं. घरबसल्या आकडे भरणाऱ्या बायांना मी फैलावर घ्यायची. माझा हा स्वभाव अख्ख्या गावाला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझा एकुलता एक मुलगा आखातात एसी दुरुस्तीच्या कामाला होता. तिथं दवाखान्यात काम करणारी फिलिपिन्सची मुलगी त्यानं पसंत केली आणि लग्न करून इथं आणली. मी पंधरा दिवस दोघांशी नीट बोलले नाही. कारण काही नाही, लोक काय म्हणतील हेच. पण मुलगी चिवट निघाली. भाकरी थापताना हात भाजून घेतले, पण थापायची सोडली नाही. बायांबरोबर खुरपायला जाऊन मराठी शिकली, आणि तीही अशी, की मी 'नाही' शिकवावं आणि तिनं 'न्हाई' म्हणावं. मला ती आत्याबाई म्हणते. वर्षाच्या आत माझी गत अशी झाली, की ती तासभर दिसली नाही तर घर खायला उठायचं. मग नात झाली.

अडचण एकच होती. ती इथं व्हिसावर राहत होती आणि व्हिसाला मुदत असते. तिला कायमचं राहता यावं म्हणून मुलानं, परदेशी बायकोला सरकार देतं त्या कार्डासाठी तिच्या नावानं अर्ज केला. लग्नाचा दाखला, फोटो, घराचा उतारा, आमच्या संसाराचा कागद न कागद मंचरच्या झेरॉक्सवाल्याला पाठ झाला. पुण्याच्या कचेरीत सांगितलं, नवरा-बायको खरंच एकत्र राहतात का, याची गावात चौकशी होईल, मगच पुढं. व्हिसा संपायला दोन महिने होते. कार्ड नाही मिळालं तर तिला परत जावं लागणार होतं, आणि तिच्यामागं मुलगा आणि नातही जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मला जेवण गोड लागेना.

चौकशीला जीप येईल, वर्दीतला माणूस येईल, आधी पत्र येईल, असं मी धरून चालले होते. आला तो साध्या कपड्यातला, मोटारसायकलवर, काखेत एक फाईल. मी ओट्यावर लसूण सोलत होते. मुलगा आळेफाट्याला गॅरेजवर गेलेला, सून मागच्या रानात गवार तोडत होती.

"इथं ती बाहेरच्या देशातली बाई राहते ना? कुठंय?"

"तुम्ही कोण?"

"पोलीस ठाण्यातनं आलोय."

त्या आठवड्यात टीव्हीवर रोज तेच चाललं होतं, परदेशी लोकांना धरून गाडीत घालतायत. तीस वर्षांची रजिस्टरं आणि शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली आणि तोंडातून माझी सासू बोलली. "ती इथं राहत न्हाई, साहेब. गेली तिच्या देशाला. लई दिस झालं."

समोरच्या दारातून माझी थोरली जाऊ धावून आली. तिनं वर फोडणी दिली. "व्हय की. ह्या दोघींचं पटतच नव्हतं!" त्यानं ते लिहून घेतलं. जाताना चौकातल्या टपरीवर विचारलं, तर तिथंही तेच उत्तर. एरवी एका नळावरून दहा तट पडणारं आमचं गाव त्या दिवशी एका सुरात खोटं बोललं. मला तर मोठा पराक्रम केल्यासारखं वाटत होतं. सुनेला मी काही सांगितलं नाही, उगीच घाबरेल म्हणून.

तीन आठवड्यांनी, आम्ही जेवायला बसलो असताना, मुलाच्या फोनवर अर्जाचं उत्तर आलं. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचं चौकशीत आढळलं. मी तोंड उघडायला हवं होतं, पण नाही उघडलं. दोन दिवस मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दोन दिवस ते.

तिसऱ्या दिवशी मुलाला टपरीवर कळलं, की पोलीस येऊन गेला आणि समोरच्या काकूनं जबाब दिला. तो तणतणत घरी आला. "चुलतीनं दावा साधला," म्हणाला आणि तसाच समोर जायला निघाला.

"बस खाली," मी म्हणाले. "आधी मी बोलले. तिनं नुसती री ओढली."

तो उंबऱ्यातच थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "आई, तूच घालवलीस तिला." ओरडला असता तर बरं झालं असतं.

सून चुलीपाशी होती. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही काय बोलला, आत्याबाई? सगळं सांगा." मी शब्द न् शब्द सांगितला. ती रडली नाही, चिडली नाही, ओठांतल्या ओठांत ते वाक्य पुटपुटली. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली. त्या बॅगेवरून मला अंगणात जाववेना.

मुलगा पुण्याला खेटे घालत होता. तिथं म्हणाले, फेरचौकशी होईल, पण कधी ते सांगता येणार नाही. आणि पोलिसाला खोटी माहिती देणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. हे त्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा सून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "होऊ दे. माझ्या कर्माची फळं." व्हिसाचे अकरा दिवस उरले होते.

आणि एका दुपारी तोच आला. तीच मोटारसायकल, तीच फाईल. मी उंबऱ्याच्या आत नातीला मांडीवर घेऊन बसले होते. सून अंगणात भांडी घासत होती. ती राखेच्या हातांनी उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

"सासूबाई कुठायत तुमच्या?" त्यानं विचारलं. "मागच्या वेळी त्यांनी जबाब दिलाय. त्यांच्याशी काम आहे."

तिला वाटलं, तो मला न्यायला आलाय.

"आत्याबाई न्हाईत," ती म्हणाली. "गावाला गेल्यात. लई दिस झालं."

मी तिच्यामागं चार हातांवर. नातीनं नेमका तेव्हाच "आज्जी" म्हणून माझा चष्मा ओढला. त्यानं मान वाकडी करून आत पाहिलं.

"मग ह्या कोण?"

"शेजारीण," ती म्हणाली. डोळ्याची पापणी हलली नाही.

आता ही पण खोटी ठरली, दोघींवर केस, आणि अकरा दिवसांचं काय? मी उठले. "साहेब, मीच ती. मी खोटं बोलले होते, हिचा काही—" तिनं मागं न बघता कोपरानं मला आत ढकललं. चांगलं जोरात ढकललं.

समोरच्या दारातून जाऊबाईंचा आवाज आला, "व्हय व्हय, त्या शेजारीणच हायेत!"

तो माणूस ओट्यावर बसला, रुमालानं मान पुसली, पाणी मागितलं. सुनेनं हात धुऊन तांब्या दिला. पाणी पिऊन त्यानं फाईल उघडली आणि लिहायला लागला. पेनाची कुरकुर मला आतपर्यंत ऐकू येत होती. तिच्या पोलक्याची पाठ घामानं भिजली होती.

"काय लिहिताय?" शेवटी तिनंच विचारलं.

"अर्जदार इथंच राहते," तो म्हणाला, "सासूच्या घरात, नवऱ्यासह." मग त्यानं कागद ओट्यावर ठेवला, वर पेन ठेवलं आणि मोटारसायकलकडे बघत म्हणाला, "तुमच्या सासूबाई गावाहून आल्या, की त्यांची इथं सही लागंल. मी थांबतो."

मी नातीला सुनेच्या कडेवर दिली, गावाहून परत आले आणि सही केली.